साडूंचं टाकं

काळजी करण्यासाठीच जन्माला आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण आमच्या अकोल्याच्या साडूंच्या पासंगालाही त्यांतलं कोणी पुरणार नाही. सगळं सुरळीत चाललं की त्यांना जास्तच धास्ती वाटते. बस वेळेवर सुटली म्हणजे पुढे कुठेतरी बंद पडणार, दूध नासलं नाही म्हणजे त्यात नक्की काहीतरी मिसळलेलं असणार, आणि व्याही गोड बोलला म्हणजे त्याला काहीतरी मागायचं असणार. माझ्या लग्नात सगळी मंडळी आइस्क्रीमवर तुटून पडली होती, तेव्हा हा मनुष्य मांडवाचा एकेक खांब हलवून पाहत होता. मी नवरदेव, ते त्या घरचे थोरले जावई. माझ्याशी ते आयुष्यात पहिल्यांदा जे बोलले ते असं : "साडभाऊ, तुमी त्या कोपऱ्यातल्या खांबाखाली नोका बसू." त्या खांबाला काहीही झालं नाही. पण मी मात्र तेव्हापासून कुठल्याही मांडवात आधी वर पाहतो आणि मग बसतो.

अशा माणसाने घराच्या मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव बांधला. 'स्विमिंग पूल' हा शब्द त्यांच्या तोंडी येत नाही. तो म्हटला की आपण उगाच सिनेमातले श्रीमंत झालो असं त्यांना वाटतं. ते 'टाकं' म्हणतात. मुळात ते बांधलं हौसेसाठी नव्हतंच, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी बांधलं. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. एके सकाळी ताईच्या हातून चहाची बशी निसटली आणि तिचं डावं अंग गेलं. हात हळूहळू परत आला, बोलणं तर गेलंच नव्हतं, पण पाय काही केल्या उचलेना. डॉक्टर म्हणाले, कमरेएवढ्या पाण्यात रोज चालवा, पाण्यात अंगाचं ओझं कमी होतं. आणि असंही म्हणाले की जे काय परत यायचं ते बहुतेक पहिल्या वर्षातच येतं, पुढे फार आशा धरू नका. पहिलं वाक्य सगळ्यांनी ऐकलं. साडूंनी दुसरं ऐकलं, आणि ते तेव्हापासून त्यांच्या डोक्यात घड्याळासारखं वाजत राहिलं.

शहरात पोहण्याचा तलाव आहे, पण ताईने तिकडे जायला साफ नकार दिला. "या वयात मी लोकाईसमोर वल्ल्या लुगड्यानं निंगू काय? त्यापेक्षा मी लंगडी बरी." मग साडूंनी अंगणातली दोन लिंबाची झाडं आणि आपली झोप, दोन्हींवर पाणी सोडलं आणि काम काढलं. कंत्राटदार मी दिला. अमरावतीला माझ्या शेजारीच राहतो, पोरगा शहाणा आहे. त्याने काळी माती खोल उपसून मुरूम भरला, सळया बांधल्या, आणि टाकं ताब्यात देताना एकच गोष्ट बजावली. "काका, पावसाळ्यात हे रिकामं करू नका. काळी माती भिजली की फुगते अन् भिंतीले आत रेटते. आत पानी असलं तरच भिंत टिकते." साडूंनी मान हलवली. ते इतक्या सहजी मान हलवतात याचीच मला तेव्हा शंका यायला हवी होती.

साहित्य निवडायला मात्र त्यांनी कोणाचं ऐकलं नाही. जन्मभर त्यांनी शेतीच्या पंपांचं दुकान चालवलं, आता ते मुलगा पाहतो. विहिरीतलं पाणी शिवाराच्या दुसऱ्या टोकाला फेकणारे पंप विकलेला माणूस, त्याला टाक्याचा लहानसा पंप खेळणं वाटला. "पंप लहान असला का मालक बी लहान दिसते, साडभाऊ," असं म्हणून त्यांनी दुकानातला एक दांडगा पंप आणून बसवला. टाक्याचं पाणी वाळू भरलेल्या एका पिंपातून गाळून परत टाक्यात येतं, एवढी ती साधी व्यवस्था. या पंपाने बटण दाबताक्षणी पाण्याबरोबर पिंपातली वाळूही टाक्यात आणून ओतली. निळ्या फरशीवर चौपाटी तयार झाली. साडू काठावर उभे राहून म्हणाले, "पाहा, पंप कमजोर नाई." मुलाने तो मुकाट्याने काढला आणि लहान पंप बसवला. मोठा पंप अंगणातच एका कोपऱ्यात पोत्याखाली राहिला. लागला तर असावा, असं त्यांचं म्हणणं.

एकदा नागपूरहून एक विक्रेता आला होता. टापटीप कपडे, हातात चकचकीत पुस्तिका. म्हणाला, आमचं यंत्र घ्या, पाण्यात मीठ टाकायचं, यंत्र त्याच मिठापासून क्लोरीन तयार करतं, मग वेगळी पावडर टाकायला नको. अकोल्याच्या आसपास कोणाला हे सांगू नये. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारं, त्याला आम्ही खारपाणपट्टा म्हणतो. त्या पाण्याने डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पिकं करपतात. साडूंच्या अंगणातली बोअरही तसलीच, फक्त ओटा धुवायच्या कामाची. टाक्यासाठी गोडं पाणी पातूरच्या बाजूने टँकरने यायचं, आणि प्रत्येक टँकरमधलं चूळभर पाणी साडू आधी ड्रायव्हरला प्यायला लावायचे, मग स्वतः प्यायचे. त्या विक्रेत्याला ते दारापर्यंत पोचवायला गेले तेव्हा त्यांचा आवाज गल्लीभर घुमत होता. "आमच्या इथं आख्खा जिल्हा पान्यातलं मीठ काहाडाले पाहून राहिला, अन् तुमी मले मीठ टाक म्हनता? जा बाप्पा, समुद्राकाठी विका!"

पाणी तपासायची एक लहान पेटी मिळते. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा. त्या पेटीने आमचा छळ मांडला. मी अमरावतीला जेवायला बसलो की साडूंचा व्हिडिओवर फोन यायचा, पडद्यावर काचेची नळी. "साडभाऊ, हे गुलाबी हाये का लाल?" मी म्हणायचो गुलाबी. "नीट पाहा बरं. मले लालीवर वाटून राहिलं." माझ्या बायकोने पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ती घाबरून उठलीच, तिला वाटलं ताईचीच काहीतरी तपासणी आहे. टाक्यातला दिवा त्यांनी वायर लावायच्या आधीच परत पाठवला, कारण पाण्यात वीज ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. उतरायला रुंद पायऱ्या केल्या आणि पायरीपासून पार पलीकडच्या टोकापर्यंत काठाला स्टीलचा दांडा बसवला, ताईने धरून चालायला. एवढ्याने समाधान झालं नाही म्हणून पहिले काही दिवस ताईच्या कमरेला सुती दोर बांधून त्याचं दुसरं टोक हातात घेऊन ते काठाकाठाने चालायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी ताई पाण्यातच थांबली. "मी म्हैस हाये काय?" तिने विचारलं. दोर त्याच संध्याकाळी कपडे वाळत घालायला गेला.

पण ताई चालत होती. दांडा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग वळून परत. डावं पाऊल आधी नुसतं ओढलं जायचं. मग टाच उचलायला लागली. एकदा आम्ही गेलो होतो तेव्हा माझ्या बायकोने काठावरून ओरडून सांगितलं की ताईचा अंगठा उचलतोय. साडू तडक पंपाच्या खोलीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मी पाहायला गेलो तर डोळे लाल. "क्लोरीन डोयात गेलं," म्हणाले. क्लोरीनचा डबा बंद होता. मला हा माणूस त्या क्षणी फार आवडला, एवढं सांगतो.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. अकोल्यात नळ रोज येत नाही. चार-सहा दिवसांनी येतो, कधी त्याहून उशिरा. नळ आला की घरातलं सगळं जुनं पाणी ओतायचं, हंडे, टाकी, रांजण घासून काढायचे आणि ताजं भरायचं. भर उन्हाळ्यात, पाण्याची मारामार असतानाही, नळाला धार लागली की आधीचं पाणी शिळं ठरतं आणि मोरीत जातं. हे कोणी शिकवत नाही, ते अंगातच असतं. त्यामुळे टाकं पाहायला येणारा प्रत्येक पाहुणा पहिला प्रश्न हाच विचारायचा, पाणी कधी बदलता? साडू सांगायचे, बदलत नाही, तेच गाळून वापरायचं, वर्षानुवर्षं. पाहुण्याचा चेहरा पडायचा. एक म्हातारी मावशी तर म्हणाली, "अगं बाई, शिळ्या पान्यात उतरवता तिले?" साडू हसले. पण ते वाक्य त्यांना लागलं, कारण आतून त्यांनाही तेच वाटत होतं. इतक्या महिन्यांचं पाणी, आणि त्यात आपली आजारी बायको.

श्रावणात पावसाने झड धरली. वीज सारखी जायची, पंप चालेना, आणि पाहता पाहता टाक्याचं पाणी हिरवं झालं. कंत्राटदाराने फोनवर सांगितलं, क्लोरीन जास्त टाका, वीज येईल तेवढा वेळ पंप चालवा, तळ ब्रशने घासा, आठवड्यात निवळेल. साडूंनी केलं. निवळलं नाही, कारण वीज टिकतच नव्हती. ताईचं चालणं बंद पडलं. दिवस जात होते, आणि सकाळी पलंगावरून उतरताना तिचा अंगठा पुन्हा फरशीला घासू लागला होता. तो आवाज साडूंना शेजारच्या खोलीत ऐकू यायचा. मला त्यांचे फोन येणं बंद झालं, आणि हा माणूस फोन करत नाही म्हणजे काहीतरी भयंकर करतोय, हे माझ्या बायकोने बरोबर ओळखलं. दुसऱ्या दिवशी आम्ही अकोल्याची बस धरली.

घराच्या कोपऱ्यावर रिक्षा सोडली तेव्हा दुपार होती. पाऊस जरा थांबला होता. मागच्या अंगणातून एक ओळखीचा घरघराट येत होता, आणि नालीतून हिरवं पाणी फेसाळत वाहत होतं. पोत्याखालचा पंप चालू होता. अंगणात जाऊन पाहतो तो टाकं निम्म्याहून खाली गेलेलं. साडू गुडघ्यापर्यंत पायजमा दुमडून, हातात खराटा आणि चुन्याची बादली घेऊन वाट पाहत उभे. मोठ्या उत्साहात म्हणाले, "या साडभाऊ! शेवटी केलं ब्वा मन घट्ट. आज घासून काहाडतो, उद्या पातूरचं ताजं पानी भरतो, अन् परवा तुमची ताई पान्यात. आधीच कराले पायजे होतं."

मी काही म्हणायच्या आत पायाखालची काठाची फरशी हलली. खाली पाहिलं तर ती एका बाजूने बोटभर उचललेली होती, तिच्यात रोवलेला स्टीलचा दांडा तिरपा झालेला, आणि आत, उघड्या पडलेल्या भिंतीवर, निळ्या फरशीतून एक बारीक काळी रेघ आडवी गेलेली. रेघेतून पाणी पाझरत होतं, पण आतून बाहेर नव्हे, बाहेरून आत. साडूंनी ती पाहिली. खराटा त्यांच्या हातातून गळून पडला. मी पंप बंद केला आणि कंत्राटदाराला फोन लावला. तो जे ओरडला ते साडूंना दोन हातांवरून ऐकू गेलं. "भरा! कोनतंबी पानी भरा, पन आत्ताच्या आत्ता भरा! भिंत आत आली तं काहीच हातात राह्यनार नाई!"

टँकरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, वाटेत नाल्याच्या पुलावरून पाणी चाललंय, उद्या पाहू. दुसऱ्याचा फोन लागेना. नळ आदल्या दिवशीच येऊन गेला होता. आकाश पुन्हा भरून येत होतं. अंगणात पाणी होतं ते एकच, बोअरचं, खारं. साडू बोअरच्या बटणापाशी जाऊन थांबले. ज्या पाण्याचा एक थेंब टाक्यात पडू नये म्हणून त्यांनी आख्ख्या जगाशी भांडण मांडलं होतं, ते पाणी. पंप गंजेल, पिंपाच्या जोडांवर पांढरा थर बसेल, फरशी डागळेल, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ते बटणाकडे पाहत होते आणि मी त्यांच्याकडे. तेवढ्यात घरातून फरशीला पाय घासल्याचा आवाज आला. काय झालं ते पाहायला ताई भिंतीच्या आधाराने दारापर्यंत येत होती. साडूंनी बटण दाबलं.

पुढचे तीन-चार तास आमच्यापैकी कोणी धड बसलं नाही. बोअरची धार मनगटाएवढी, आणि टाकं एवढं मोठं मला कधीच वाटलं नव्हतं. मध्येच एकदा वीज गेली. तेव्हा साडू डोळे मिटून उभे राहिले, ती परत येईपर्यंत त्यांनी उघडलेच नाहीत. पाऊस सुरू झाला तरी छत्री घ्यायला कोणी हललं नाही. आम्ही सगळे त्या काळ्या रेघेकडे पाहत होतो, ती लांबते का, रुंद होते का. माझी बायको चहा करून आणायची आणि तो तसाच पावसात थंड व्हायचा. दिवेलागणीला पाणी रेघेच्या वर चढलं, आणि रेघ होती तेवढीच राहिली. साडू मटकन ओट्यावर बसले. "बायकोसाठी बांधलं," ते म्हणाले, "अन् मीच मोडाले निंगालो होतो." ताईने आपला चांगला हात त्यांच्या पाठीवर ठेवला. काळजी करू नका, असं मात्र ती म्हणाली नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिने ते वाक्य सोडून दिलं होतं.

दोन दिवसांनी कंत्राटदार आला, पाण्याखाली लागणारा लेप घेऊन. रेघ बुजवली, आणि टाकं वाचलं म्हणाला. वीजही सुरळीत झाली, पाणी निवळलं, क्लोरीनच्या नळीने गुलाबी रंग दाखवला, तोही मी फोनवर पाहिला. पण काठाचा दांडा सैल झाला होता. पाऊस पूर्ण गेल्याशिवाय, माती बसल्याशिवाय तो पक्का करता येणार नव्हता. म्हणजे दिवाळी. आणि दिवाळीपर्यंत डॉक्टरांचं वर्ष सरणार होतं.

पाणी निवळल्यानंतरच्या रविवारी आम्ही पुन्हा अकोल्याला होतो. साडू ताईला समजावत होते की दांडा नाही तर धरणार काय, दिवाळीपर्यंत घरातच व्यायाम कर, आपण दुसरा डॉक्टर पाहू, मुंबईचा पाहू. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दिवाळीपरेंत माहा पाय लाकूड होऊन जाईन. मी आजच उतरतो." आणि काठी टेकत खरोखरच पायऱ्यांकडे निघाली. माझी बायको तिला धरायला धावली, पण साडू तिच्या पुढे गेले. अंगात सदरा होता तसा, पायात मोजे होते तसे, ते पहिली पायरी उतरले, दुसरी उतरले, आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहिले. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की या माणसाला मी काठावर शेकडो वेळा पाहिलं होतं, पाण्यात एकदाही नाही. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. दोन्ही हात दांड्यासारखे पुढे ताठ धरलेले.

ताई हळूहळू उतरली. तिने ते हात धरले. "घाबरू नोका," ती म्हणाली, "म्या धरलं हाये तुमाले." मग साडू मागे मागे आणि ताई पुढे पुढे, अशी ती दोघं पलीकडच्या टोकाकडे निघाली. कोण कोणाला चालवत होतं ते मला सांगता यायचं नाही.

वर्ष सरलं. ताईचा पाय आला, पण सगळा आला नाही. काठी घेऊन ती फाटकापर्यंत जाते, शेजारणीशी बोलून येते, अंगठा थोडा घासतो. डॉक्टर म्हणतात यायचं तेवढं आलं. साडूंना ते पटत नाही. श्रावणातले ते दिवस आपण घालवले नसते तर पूर्ण आला असता, असं त्यांच्या मनाने घेतलंय. मला एकट्याला गाठून ते अजून विचारतात, "साडभाऊ, थे दिवस वाया नसते गेले तं?" मी म्हणतो, तेवढाच आला असता. त्यांना ते खरं वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नक्की ठाऊक नाही.

दांडा दिवाळीला पक्का झाला. तरीही दोघं रोज संध्याकाळी हात धरूनच पाण्यात चालतात. माझी बायको परवा बहिणीला म्हणाली, "ताई, आता तू पाण्यात एकटी छान चालतेस, मी पाहिलंय. मग भाऊजींना कशाला धरून ठेवतेस?" ताईने आधी साडू लांब आहेत ना ते पाहून घेतलं. "मले आधार लागते असं वाटते त्याइले," ती हळूच म्हणाली. "वाटू दे. तेवढा वेळ तं थे सोताले दोष देत नाईत." अंगणातून साडूंची हाक आली, पाणी तयार आहे म्हणून. ताईने काठी भिंतीला लावून ठेवली, मुद्दाम जरा जास्तच लंगडत दारापर्यंत गेली, आणि हात पुढे केला.